बोर्डावरचे सात झेंडे

पेंटरच्या मुलीला सगळी गल्ली 'कशावरून' म्हणायची. हे नाव ठेवलं तिच्या मामानं, आणि तेही चिडून. पोर नुकती बोलायला लागली होती. मामानं तिला कौतुकानं उचललं आणि म्हणाला, "ओळखलंस का? मी तुझा मामा!" पोरीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कशावरून?"

आता यावर माणसानं बोलायचं तरी काय? मामानं बहिणीकडे बघितलं. बहीण भिंतीला टेकून हसत होती, तिच्याकडून काही पुरावा मिळायची चिन्हं नव्हती. तेव्हापासून तेच नाव पडलं. पुढे शाळेतल्या बाईंनी हजेरी घेताना खरं नाव पुकारलं, तर मागून चार पोरं ओरडायची, "बाई, कशावरून आलीय!"

दूधवाल्यानं "ताजं आहे" म्हटलं की हिचा प्रश्न तयार. बिचारा स्वतःच किटलीत नाक घालून बघायला लागला. डॉक्टरांनी सुई उचलली आणि म्हणाले, "अजिबात दुखणार नाही." ही म्हणाली, "कशावरून? तुम्ही स्वतःला टोचून बघितलंय?" त्या दिवसापासून डॉक्टर सगळ्याच मुलांना "थोडं दुखेल" असं सांगायला लागले. गावात खरं बोलणारा एक डॉक्टर वाढला तो हिच्यामुळे.

लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली एकुलती एक मुलगी, त्यामुळे आईबापांनी तिला कधी गप्प बसवलं नाही. बाप दुकानांचे बोर्ड रंगवायचा. घरामागे पत्र्याची शेड, आत डब्यांची उतरंड, टर्पेंटाइनचा वास, आणि शिडीला टेकवून ठेवलेले अर्धवट बोर्ड. 'शिव' झालंय, 'णकाम' व्हायचंय, असा सगळा कारभार. हात मात्र सुरेख. त्याच्या अक्षराला वळण असं, की उधारी बंद असल्याची पाटीसुद्धा आमंत्रणासारखी वाटावी.

पण या माणसाला एक खोड होती. मोकळी जागा दिसली की त्याचा हात शिवशिवायचा. न्हाव्यानं सांगितलं, नाव लिही आणि एक कात्री काढ. यानं दोन्ही टोकांना कात्र्या काढल्या, मध्ये कंगवा काढला, तरी जागा उरली म्हणून कंगव्याची सावलीही काढली. शिंप्याच्या बोर्डावर त्यानं स्वतःच्या मनानं 'कपडे वेळेवर मिळतील' असं ठोकून दिलं. त्या शिंप्यानं उभ्या जन्मात कोणाला कपडे वेळेवर दिले नव्हते. गिऱ्हाइकं त्याला हाताला धरून दुकानाबाहेर आणायची आणि वर बोट दाखवायची. "अहो, ते मी नाही लिहिलं!" असं तो घसा फोडून सांगायचा. पण बोर्ड त्याचा, दुकान त्याचं, कोण ऐकतंय?

तर अशा घरातली ही मुलगी कॉलेजात गेली. वाणिज्य शाखा घेतली. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एका उद्योगाचा अभ्यास करून अहवाल लिहायचा होता. शिकवणाऱ्या मॅडम म्हणजे बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी वर्गात सांगितलं, "विभागात संशोधन सहायकाची एक जागा आहे. ज्याचा अहवाल मला धरून हलवता येणार नाही, त्याला ती मिळेल."

कशावरूनच्या पोटात गुदगुल्याच झाल्या. जन्मभर फुकट प्रश्न विचारले, त्याबद्दल शिव्या खाल्ल्या; आणि आता प्रश्न विचारायचीच नोकरी? ती जागा तिला हवी म्हणजे हवीच होती. त्या रात्री जेवताना तिनं आईला सांगितलं, "मिळाली नाही ना, तर मी मामाच्या दुकानात हिशेब लिहीन, पण आयुष्यभर तोंड पाडून लिहीन." आई म्हणाली, "मामाला आधी कळव. तोंड पाडलेली माणसं तो ठेवत नाही."

तिनं उद्योग निवडला ब्रशचा कारखाना. गावाबाहेरच्या रस्त्यावर लांबलचक शेड. आत लाकडाचे दांडे तासायचे, त्याला पत्र्याची टोपी बसवायची, टोपीत केस ओवायचे, की झाला ब्रश. दारावर भला मोठा बोर्ड. कारखान्याची माहिती काढायला ती बसली आणि हरखूनच गेली. कारखान्याची वेबसाइट, वर्तमानपत्राची विशेष पुरवणी, व्यापारी संघाची माहितीपुस्तिका, एका प्रदर्शनाची स्मरणिका, जिल्ह्याच्या उद्योगांवरचं एक जाडजूड पुस्तक. पाच ठिकाणी तीच माहिती! कारखाना शंभरीला टेकलेला, भागातला सर्वांत जुना, आणि त्याचा माल सात देशांत जातो. तिनं ते सगळं अहवालात मांडलं, खाली पाच तळटीपा दिल्या, आणि कागद मॅडमच्या टेबलावर ठेवताना तिची मान अंमळ ताठच होती.

मॅडमनी पहिलं पान वाचलं. समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला आणि कागद परत दिला.

शब्द होता, 'कशावरून?'

मुलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मॅडम, पाच ठिकाणी आहे. त्यातली चार तर छापील."

"हो का? मग हे पाच जण एकमेकांना ओळखतात का?"

"म्हणजे?"

"म्हणजे एकानं सांगितलं आणि चौघांनी माना डोलावल्या, तर ते पाच साक्षीदार की एकच?" मॅडमनी चष्मा वर सरकवला. "पहिल्यांदा कोण बोललं ते शोध. त्याला ते कुठून कळलं, ते विचार. आणि एक लक्षात ठेव. खोटं निघालं तर ज्याच्या अंगाशी येईल, त्याच्याकडे आधी जायचं. ज्याला काहीच फरक पडत नाही, त्याच्याकडे शेवटी. तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे."

झालं! जिनं सगळ्या गल्लीला भंडावून सोडलं, तीच छापलेल्या कागदापुढे मुकी झाली होती. दूधवाल्याला सोडलं नाही, पण गुळगुळीत कागदाला सोडलं. तिला स्वतःचाच राग आला. मग रागाच्या भरात ती सायकलवर बसली आणि निघाली.

वेबसाइट लिहिली होती मालकाच्या पुतण्यानं. तो म्हणाला, "पुरवणीतून घेतलं, ताई. वर्तमानपत्रात आलंय म्हटल्यावर काय बघायचं!" स्मरणिका आणि जाडजूड पुस्तक यांनीही पुरवणीतूनच उचललं होतं, पुस्तकवाल्यांनी तर छपाईची चूकसुद्धा जशीच्या तशी ठेवली होती, 'ब्रश'चा 'ब्रह्म' झालेला. वर्तमानपत्राच्या कचेरीत पुरवणी काढणारे उपसंपादक चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "अहो, व्यापारी संघाची पुस्तिका आहे ना! संघ म्हणजे अधिकृत."

व्यापारी संघाची ती पुस्तिका तयार केली होती एका कारकुनानं. आता निवृत्त होऊन तो घरी कुंड्यांना पाणी घालत होता. मुलीनं विचारलं, "आजोबा, ब्रशच्या कारखान्याची माहिती तुम्हाला कोणी दिली?"

"कोणी म्हणजे? मी स्वतः गेलो!" आजोबा झारी खाली ठेवून खुलले. "सचिव म्हणाले, घरबसल्या लिहू नका, जागेवर जा. मी गेलो. रस्त्यानं चालत एकेका बोर्डासमोर उभा राहिलो आणि उतरवून घेतलं. तू पुस्तिका बघ, एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

"आत जाऊन कोणाला विचारलं नाहीत?"

"अगं, एवढ्या मोठ्या अक्षरात कोणी खोटं लिहील का? खोटं माणूस बारीक अक्षरात लिहितो."

"आणि सात देश?"

"तेही बोर्डावरच. सात झेंडे काढलेत खाली. मी मोजले. दोनदा मोजले!"

मुलगी सायकल दामटत कारखान्याकडे गेली. मालक चाळिशी ओलांडलेला, गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. त्याच्या खोलीत त्याच्या स्वतःच्या आजोबांचा फोटो लावलेला, खाली 'संस्थापक' अशी पट्टी. पुढच्या वर्षीच्या शताब्दीच्या नुसत्या कल्पनेनं तो आत्ताच फुलला होता.

"काका, कारखाना आजोबांनी सुरू केला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बोर्डावर साल आहे. त्या सालात माझे वडील जन्मलेलेसुद्धा नव्हते. मग कोणी सुरू केला असेल? आजोबांनीच ना!"

"आणि सात देशांत माल जातो?"

"जात असणार. मी लहानपणापासून ते झेंडे बघतोय." मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "हल्ली जरा कमी झालंय. म्हणजे माझ्या काळात एकाही देशात गेलेला नाही. पण पूर्वी वैभव होतं गं!"

मुलगी बाहेर आली आणि पहिल्यांदाच त्या बोर्डाखाली नीट उभी राहिली. अक्षरं झोकदार. सालातल्या दोन्ही नऊच्या शेपट्या कशा ऐटीत वळलेल्या. खाली ओळीनं सात झेंडे. आणि ते एकाही देशाचे नव्हते. तिनं मोबाइलवर जगातले सगळे झेंडे पालथे घातले. जांभळ्या पट्ट्यावर पोपटी गोळा असलेला झेंडा पृथ्वीवर कुठेच फडकत नाही. मग तिची नजर उजव्या कोपऱ्यात गेली. तिथे एक इवलीशी चिमणी काढलेली होती, शेपटी वर केलेली.

ती चिमणी तिनं जन्मापासून पाहिली होती. घरामागच्या शेडमधल्या प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात ती असायची. तिच्या बापाची सही.

तिनं बोर्डाकडे पाठ करून सायकल वळवली. सगळं गाव पालथं घातलं, आणि वाट येऊन थांबली ती आपल्याच उंबरठ्यावर! अहवालात खरं लिहावं, तर बापाचं नाव येणार; मालक नवा शताब्दीचा बोर्ड बापालाच देणार होता, तोही जाणार. न लिहावं, तर मॅडमपुढे काय सांगणार?

बाप शेडमध्ये 'णकाम' पुरं करत होता.

"बाबा, ब्रशच्या कारखान्याचा बोर्ड तुम्ही रंगवलात?"

"रंगवला? अगं, कसला रंगवला होता!" बापानं ब्रश कानावर ठेवला. "माझं पहिलं मोठं काम ते. आत्ताच्या मालकाच्या वडिलांनी दिलेलं. हा तेव्हा एवढासा होता, शिडीखाली बसून माझे डबे उलटे करायचा. आता मला सांग, कारखान्याचं नाव केवढं? चिमूटभर. आणि बोर्ड केवढा? ही भिंत! उजवीकडे नुसतं मैदान पडलेलं. मी वरून विचारलं, शेठ, इथे काय? ते म्हणाले, काहीतरी भारदस्त टाक, मला कच्चा माल उतरवून घ्यायचाय. मी 'स्थापना' टाकलं."

"आणि साल?"

"साल असं घेतलं की त्यात दोन नऊ यावेत. तेव्हा माझा नऊचा आकडा फार जोरात होता."

मुलगी डब्यावर मटकन बसली. "आणि झेंडे?"

"खाली पट्टा मोकळा राहिला ना! डब्यांच्या तळाशी सात रंग उरले होते. वाया घालवायचे?" बाप तिच्याकडे बघून थांबला. "का गं? रंग उडाला का?"

"रंग नाही उडाला, बाबा. तुमच्या डब्यातला उरलेला रंग सात देशांत पोचला, एवढंच!" आणि मग तिला जे हसू फुटलं, ते आवरेना. सगळं ऐकल्यावर बापही हसला, पण मध्येच गंभीर झाला. "म्हणजे मी तुझं नुकसान केलं?"

"अजून नाही केलंत. खरं साल कोणतं, ते सांगा."

"ते मला काय ठाऊक! मला कोणी विचारलंच नव्हतं."

आई दारातून म्हणाली, "बोर्ड कधी रंगवला ते मी सांगते. हे मला पहिल्यांदा भेटायला आले, तेव्हा यांची नखं जांभळी आणि पोपटी होती. माझ्या बहिणीला वाटलं, माणसाला काहीतरी रोग आहे. त्याच वर्षी आमचं लग्न झालं."

"आई, पण तू बाबांच्याच घरातली. तुझं एकटीचं चालणार नाही."

"बघा, जिनं जन्म दिला तिलाच साक्षीदार आणायला सांगते!" आई म्हणाली, पण तिला मजा वाटत होती.

मग मुलगी मॅडमच्या शब्दानुसार निघाली. खोटं निघालं तर ज्याच्या अंगाशी येईल, त्याच्याकडे आधी. नोंदणी कार्यालयात गेली. तिथल्या साहेबांनी दोन चकरा मारायला लावल्या, तिसऱ्या वेळी कंटाळून कारखान्याच्या नोंदीचा उतारा दिला. मग तिनं डोकं चालवलं: दांडे तासायचं यंत्र हवेवर फिरत नाही, त्याला वीज लागते. वीज कचेरीत जोडणी कधी दिली, ते विचारलं. शेवटी कारखान्यातली सर्वांत जुनी कामगार गाठली, दांड्यांना घासकागद मारणारी एक आजी. आजी म्हणाली, "मी आले तेव्हा भिंतीचा गिलावा ओला होता. माझ्या पाठीला लागला, सासूनं घरी ओरडा केला. थोरली मुलगी तेव्हा पोटात होती." थोरल्या मुलीचा जन्मदाखला आजीनं ट्रंकेत जपून ठेवला होता, त्यावरून हिशेब सोपा होता. "आणि मालकाचे आजोबा? त्यांची पिठाची गिरणी होती. ब्रश कशाशी खातात, ते त्यांना माहीत नव्हतं."

नोंदणीवाले, वीजवाले, आजी. तिघं एकमेकांना ओळखत नव्हते, आणि तिघांचं साल एकच निघालं. आईच्या जांभळ्या नखांचंही तेच. कारखाना शंभरीला नव्हे, चाळिशीला आला होता.

पण आता तिला चटक लागली होती. मालक म्हणायचा, "आमचा माल रंगारी घेतात." तिनं स्वतःलाच विचारलं, कशावरून? मालक तर ठोक दुकानदाराला माल देऊन मोकळा होतो. म्हणून ती ठोक दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसली आणि ब्रश घेऊन निघालेल्या प्रत्येकाला विचारत राहिली, "दादा, कशासाठी नेताय?" दुकानदाराला आधी वाटलं सरकारी तपासणी आहे, त्यानं तिला दोनदा सरबत पाजलं. निघालं ते असं, की निम्म्याहून जास्त ब्रश बेकरीवाले नेत होते, पावाच्या साच्यांना तेल लावायला. एक बेकरीवाला वैतागून म्हणाला, "केस गळतात हो पावात! जरा घट्ट बसवले, तर मी दुप्पट घेईन." दुसऱ्यानंही तेच सांगितलं, पहिला दुकानाबाहेर गेल्यावर.

परीक्षेच्या आधी ती मालकाकडे गेली. लिहिण्याआधी त्याला सांगावं, असं तिला वाटलं. मालकानं सगळं ऐकलं. खुर्चीत मागे टेकला. आजोबांच्या फोटोकडे बघितलं.

"म्हणजे माझी साठ वर्षं गेली?" त्याचा आवाज रडवेला झाला. "पोरी, चोर येतो तोसुद्धा एवढं नेत नाही गं!"

"काका, हे शेवटचं पान वाचा."

त्यानं बेकरीचं पान वाचलं. परत वाचलं. मग हळूच विचारलं, "निम्म्याहून जास्त? आणि केस गळतात हे मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

"तुम्ही कोणाला विचारलंत?"

मालकानं ते पान तिसऱ्यांदा वाचलं. मग एकदम सरसावून म्हणाला, "म्हणजे शंभर वर्षांचा जुनापुराणा नाही, चाळिशीचा ताजा कारखाना? म्हणजे अजून उमेद आहे!" त्यानं तिथल्या तिथे केस ओवणाऱ्यांना हाक मारली. फोटोखालची पट्टी मात्र त्यानं काढली नाही, 'संस्थापकाचे वडील' अशी बदलून घेतली. त्या पट्टीचं काम कोणाला मिळालं, ते सांगायला नको.

तोंडी परीक्षेत मॅडमनी अहवाल पुढून उघडला, मागून उघडला, मधूनच एखादी ओळ बोटानं दाबून बघितली. बोर्डाच्या तळटीपेशी थांबल्या. तिथे लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष मुलाखत, बोर्ड रंगवणारे पेंटर. हे संशोधकाचे वडील आहेत, वाचकानं ते लक्षात घ्यावं.'

"वडिलांवर विश्वास ठेवलास? कशावरून?"

"नाही ठेवला, मॅडम. झेंड्यांचे रंग आईच्या सांगण्याशी जुळवले, आणि सालासाठी दोघांनाही विचारात घेतलं नाही. त्यांची तळटीप फक्त चूक कुठून आली, एवढ्यापुरतीच आहे."

"आणि बेकरीवाल्यांनी उगीच तक्रार केली असेल तर?"

"म्हणून मी तीन बेकऱ्यांतून पाव आणले. दोन ठिकाणच्या पावांत केस सापडले."

मॅडमचा चष्मा नाकावरून पडला. त्या हसल्या तेव्हा हे पहिल्यांदाच कळलं, की त्यांना एका गालावर खळी पडते. "सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या. "आणि पाव आणू नकोस."

कारखान्याचा बोर्ड उतरवला, तो पेंटरच्याच शेडमध्ये आला. साल नवं घातलं. त्यात दोन नऊ जेमतेम आले, म्हणून बाप खूश. सात झेंडे खरवडले. तिथे बापानं रंगवलं, 'बेकरीसाठी घट्ट केसांचे ब्रश मिळतील', कारण ते आता खरं होतं. बोर्ड पुन्हा दारावर चढला, तरी उजवीकडे हातभर जागा उरलीच. बाप शिडीवर उभा, हातात भिजलेला ब्रश, डोळे त्या जागेवर खिळलेले. खाली मुलगी शिडी धरून.

"एखादं फूल?" वरून विचारणा झाली.

"नाही."

"अगं, साधं. पाकळ्यांचं."

"बाबा, त्याचा कोणीतरी फुलांचा व्यापार करेल."

रस्त्यानं जाणारा शिंपी थांबला. त्याला जुनं सगळं आठवत होतं. तो खालून ओरडला, "काय पेंटर, तिथे काय येणार?"

"काही कळत नाही," बाप ब्रश झटकत म्हणाला. "खालच्या साहेबांची परवानगी मिळत नाहीये."

"मग माझा बोर्ड पण उतरवा की! ते 'वेळेवर मिळतील' तेवढं पुसून टाका."

बापानं मुलीकडे बघितलं. मुलीनं शिंप्याकडे बघितलं. शिंप्यानं घाईघाईनं दोन्ही हात वर केले.

"नको नको, पोरी, तू विचारू नकोस," तो म्हणाला. "दुकानात चल, गेल्या दिवाळीपासून लटकलेले कपडेच दाखवतो."